कुलूप सायकलीचे, प्रश्न आरोग्याचा

सोलापूर स्थानकावरून सकाळी सहानंतर थोड्याच वेळात वंदे भारत मुंबईकडे निघते आणि तिच्या पाठोपाठ हुतात्मा एक्सप्रेस पुण्याकडे. त्याच दिवशी काम उरकून परतणारा प्रवासी पुन्हा सोलापुरात उतरतो तो रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास. म्हणजे ज्या वाहनाने तो स्थानकावर आला, ते पंधरा-सोळा तास त्याच्या नजरेआड उभे राहते. ते वाहन मोटार असेल तर तिला दरवाजे आहेत, दुचाकी असेल तर हँडल लॉक आहे, नोंदणी क्रमांक आहे, बहुधा विमाही आहे. सायकलीला यातले काहीच नाही. मागच्या चाकाचे एक कुलूप आणि देवावरचा भरवसा, एवढ्यावर ती उभी असते. त्यामुळे चार किलोमीटरवर राहणारा, सायकल चालवता येणारा आणि घरी सायकल असलेला माणूसही पहाटे रिक्षा शोधतो किंवा मुलाला उठवून ‘सोडून ये’ म्हणतो.

हा प्रश्न वाहनतळाचा म्हणून पाहिला जातो आणि तिथेच संपतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक आरोग्याचा आहे. व्यायामासाठी वेगळा वेळ आणि पैसा नसलेल्या माणसाला रोज विनाखर्च व्यायाम घडवण्याची शक्यता ज्या मोजक्या ठिकाणी आहे, त्यांत रेल्वे स्थानकाचा क्रमांक वरचा आहे. ती शक्यता अनेकदा चोरीच्या भीतीपाशी अडते. सायकल स्थानकावर सुरक्षित राहील याची हमी देणे हे महागडे काम नाही. ते कुणा एकाचे काम नाही, म्हणून राहून गेले आहे.

पाच किलोमीटरचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल हवी. ही हालचाल सलग किमान दहा मिनिटे असली तरच धरायची, ही जुनी अट या सूचनांत काढून टाकण्यात आली. आता थोडे सोलापूरचे अंतर पाहू. पूर्व भागातील अशोक चौक परिसरातून स्थानकापर्यंत साधारण चार-पाच किलोमीटर पडतात. ताशी पंधरा किलोमीटर या आरामशीर वेगाने सायकलवर त्याला वीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन चाळीस. आठवड्यातून पाच दिवस हे केले तर २०० मिनिटे होतात. व्यायामशाळेची फी नाही, वेगळी वेळ काढायची नाही, नवे बूट घ्यायचे नाहीत. साठ किलो वजनाच्या माणसाचे एका फेरीत शंभर-सव्वाशे किलोकॅलरी खर्च होतात. आकडा छोटा दिसतो, पण वर्षभर रोज दोनदा होणाऱ्या गोष्टीचा हिशेब वेगळा असतो.

या हिशेबाची गरज किती आहे, हे दोन आकड्यांवरून कळते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे, तर महिलांत ५७ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. उंबरठ्यावरच्या या माणसांपैकी अनेकांना गोळीआधी हालचालीची गरज आहे, आणि ती रोजच्या जाण्या-येण्यात मिसळली तरच टिकते. ‘उद्यापासून फिरायला जाणार’ हा संकल्प किती दिवस टिकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. कामावर जाणे मात्र चुकत नाही.

याबाबत ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास थेट उपयोगी आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे २ लाख ६३ हजार लोकांच्या माहितीचा आधार घेऊन २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. सायकलने कामावर जाणाऱ्यांत अभ्यासाच्या सुमारे पाच वर्षांच्या काळात मृत्यूचे प्रमाण मोटारीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. जे लोक प्रवासाचा काही भाग सायकलने आणि उरलेला इतर वाहनाने करत होते, त्यांच्यातही हे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. अशा अभ्यासातून सायकल हेच एकमेव कारण, असे सिद्ध होत नाही. मुळात तब्येतीने बरे असलेले लोक सायकल अधिक चालवत असतील, हीही शक्यता उरते. तरीही वय, धूम्रपान, आहार अशा बाबींचा हिशेब करूनही फरक टिकला. आणि ‘थोडी सायकल, थोडी रेल्वे’ हा प्रवास म्हणजेच स्थानकावर सायकल लावून गाडी पकडणे.

अशा प्रवासाची सोलापुरात वाण नाही. मोहोळ, कुर्डुवाडी, अक्कलकोट रोड, दुधनी, थेट कलबुर्गीपर्यंत नोकरी-धंद्यासाठी ये-जा करणारे आहेत. उलट दिशेने गावाकडून शहरात शिकायला, कामाला येणारे आहेत. त्यांची सायकल गावच्या छोट्या स्थानकावर दिवसभर उभी राहते. पुण्यात नोकरी करून शनिवारी घरी येणारी तरुण पिढी तर सोलापूरची ओळखच झाली आहे. या प्रत्येकाची गरज वेगळी आहे. एकाला सोळा तासांची सोय हवी, एकाला दहा तासांची, एकाला पाच रात्रींची. मात्र सगळ्यांची अट एकच आहे: परत आल्यावर सायकल जागेवर हवी आणि तिची दोन्ही चाके, सीट, घंटी, कॅरियर जसेच्या तसे हवे.

चोरालाही वेळापत्रक ठाऊक असते

गुन्हेशास्त्रात १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली. चोरी होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी याव्या लागतात: चोरी करायला तयार असलेला माणूस, सहज नेता येईल अशी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. स्थानकाबाहेर लावलेली सायकल या तिन्ही अटी पूर्ण करते. बाजारात सायकल लावून भाजी घ्यायला गेलेला मालक कोणत्या क्षणी परतेल, हे चोराला कळत नाही. गाडीत बसून गेलेला मालक केव्हा परतेल, हे मात्र फलाटावरच्या फलकावर लिहिलेले असते. ती खात्रीच चोराचे भांडवल ठरते.

वस्तू सहज नेता येते, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य साध्या सायकलींना मागच्या चाकाच्या आऱ्यांतून दांडी जाणारे गोल कुलूप असते. ते सायकल चालवण्यापासून रोखते, उचलण्यापासून रोखत नाही. साधी सायकल साधारण वीस किलोची असते. दोन माणसे ती टेम्पोत सहज चढवू शकतात. बारीक साखळी किंवा प्लास्टिकच्या आवरणातली वायर कापायला पक्कड किंवा करवतीचे पाते पुरते. सायकल जमिनीत रोवलेल्या वस्तूला बांधता आली तरच कुलपाला अर्थ येतो. अनेक स्टँडवर पुढचे चाक अडकवण्याची खाच असते. तिला फार तर चाक बांधता येते. मग चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतो. त्याऐवजी उलट्या ‘यू’ आकारात वाकवलेला जाड पोलादी पाइप जमिनीत रोवला, तर सायकलीची चौकट आणि चाक दोन्ही एकत्र बांधता येतात आणि एका पाइपला दोन बाजूंनी दोन सायकली राहतात. हे काम सोलापुरातील कोणतेही फॅब्रिकेशनचे दुकान करून देईल.

माणसांच्या सवयींवरही प्रयोग झाले आहेत. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकल स्टँडवर ‘चौकट आणि चाके स्टँडला कशी बांधावी’ हे चित्रांतून सांगणारे स्टिकर लावले गेले. त्यानंतर लोकांच्या कुलूप लावण्याच्या पद्धतीत स्पष्ट सुधारणा दिसली. न्यूकॅसल विद्यापीठात सायकल स्टँडवर रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे चित्र आणि ‘सायकलचोरांनो, तुमच्यावर आमचे लक्ष आहे’ अशा अर्थाचा मजकूर लावण्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या जागी चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. पण आवारातील ज्या जागी हे फलक नव्हते, तिथे त्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे चोरी थांबली नाही, तिने जागा बदलली. एका कोपऱ्यात कॅमेरा लावून फोटो काढून घेणाऱ्या प्रशासनाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. स्थानकाच्या एका दारासमोर बंदोबस्त केला आणि दुसऱ्या बाजूला अंधार ठेवला, तर चोर त्या अंधाराकडे वळेल.

चोरीचा परिणाम एका सायकलीपुरता राहत नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सक्रिय सायकलस्वारांपैकी जवळपास निम्म्यांची सायकल कधी ना कधी चोरीला गेल्याचे आढळले. एकाची सायकल गेली की त्याच्या गल्लीतील, कारखान्यातील दहा जण सायकल घरी ठेवतात. ते दहा जण कोणत्याही गुन्ह्याच्या नोंदीत येत नाहीत, पण आरोग्याच्या हिशेबात खरे नुकसान त्यांचे झालेले असते.

पाच हजारांची रेषा

सायकलचोरीची दखल कायदा कशी घेतो, हेही पाहण्यासारखे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीची शिक्षा सांगितली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. किरकोळ चोरीसाठी तुरुंग भरू नयेत, हा विचार चुकीचा नाही. मात्र सोबतच्या प्रक्रिया कायद्याच्या परिशिष्टात पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही.

आता एखाद्या यंत्रमाग कामगाराची चार वर्षे वापरलेली सायकल डोळ्यांसमोर आणा. तिची बाजारातील किंमत पाच हजारांच्या आत येणार, हे सांगायला मूल्यमापक नको. हौशी सायकलस्वाराची पन्नास हजारांची गिअरची सायकल गेली तर तो दखलपात्र गुन्हा आहे. कामगाराची एकमेव सायकल गेली तर ती नोंदवहीतील एक ओळ आहे. वस्तूची किंमत कमी म्हणून तिची गरज कमी, असे होत नाही. अनेकदा उलटेच असते. सायकल गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाटून घेतलेल्या रिक्षात बसतो. एका फेरीला वीस रुपये धरले तरी महिन्याच्या पंचवीस दिवसांत हजार रुपये जातात आणि रोजची चाळीस मिनिटांची हालचालही जाते.

यातून दुसरी अडचण उभी राहते. अदखलपात्र नोंदी गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत दिसत नाहीत. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूद होत नाही. स्थानकाच्या आवारातील गुन्ह्यांची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे, रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण रेल्वे सुरक्षा दलाकडे आणि फाटकाबाहेरचा रस्ता शहर पोलिसांकडे. सायकल नेमकी कोणत्या बाजूला उभी होती, यावर तक्रार कुठे करायची ते ठरते. तीन हजारांच्या वस्तूसाठी एवढी पायपीट करण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. मग तक्रारच होत नाही आणि कागदावर सारे सुरक्षित दिसते.

सायकलीला मोटार वाहन कायद्याची नोंदणी लागू नाही, हे योग्यच आहे. पण ओळख पटवण्याची सोय तिच्यात असते. चौकटीवर, बहुतेकदा पेडलच्या धुऱ्याखाली, एक क्रमांक कोरलेला असतो. तो किती मालकांनी पाहिला आहे? सायकलीचा आणि त्या क्रमांकाचा फोटो, खरेदीची पावती मोबाइलमध्ये जपून ठेवली, तर सापडलेली सायकल आपलीच आहे हे सिद्ध करता येते. जपानमध्ये सायकलीची चोरीविरोधी नोंदणी १९९४ पासून बंधनकारक आहे. तशी सक्ती इथे नको. पण स्टँडवर मासिक पास देताना हा क्रमांक पासवर लिहून घेणे सहज शक्य आहे.

‘मालकाच्या जबाबदारीवर’

मग पैसे भरून स्टँडवर लावलेली सायकल तरी सुरक्षित मानावी का? वाहनतळाच्या पावत्यांवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ हे वाक्य ठळक छापलेले असते. पैसे घ्यायचे आणि जबाबदारी मात्र घ्यायची नाही, असा हा व्यवहार. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल लक्षात घेण्यासारखा आहे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलमध्ये कर्मचाऱ्याकडे चावी देऊन लावलेली मोटार १९९८ मध्ये चोरीला गेली होती. हॉटेलचा निष्काळजीपणा असेल, तर पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापले म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो निकाल हॉटेलबाबत होता आणि प्रत्येक वाहनतळाला तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. वस्तू खरोखर सांभाळायला दिली होती का, हे प्रत्येक प्रकरणात पाहिले जाते. पण १८७२ च्या करार कायद्यातील तत्त्व जुने आहे: दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितक्या काळजीने जपली पाहिजे.

यामुळेच जुन्या चित्रपटगृहांच्या सायकल स्टँडवरची बिल्ल्याची पद्धत आजही शहाणपणाची वाटते. एक बिल्ला हँडलला, त्याच क्रमांकाचा दुसरा मालकाच्या खिशात. जोडी जुळल्याशिवाय सायकल बाहेर जायची नाही. तिथे बसलेला माणूस चेहरे ओळखायचा. आज त्याच्या जागी मोबाइलवरचा कोड येऊ शकतो, पण फाटकावर थांबवून जुळवणी करणारा माणूस हवाच. बिल्ला दिला म्हणजे वस्तू सांभाळायला घेतली, हे मान्य केल्यासारखे होते.

पण ठेकेदार हे का करील? जून २०२२ पासून रेल्वेने वाहनतळांसह उत्पन्न देणाऱ्या अनेक जागांचे ठेके ई-लिलावाने देण्यास सुरुवात केली. जो जास्त बोली लावेल त्याला ठेका मिळतो, आणि मग ठेकेदार जास्त पैसे देणाऱ्या वाहनाला पुढची जागा देतो. सायकल कोपऱ्यात, उन्हात, मोटारसायकलींच्या मागे जाते. हा हिशेबही नीट मांडलेला नसतो. एका मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात आठ ते दहा सायकली दाटीने पण व्यवस्थित उभ्या राहतात. दहा सायकलींचे पाच-पाच रुपये आणि एका मोटारीचे पन्नास रुपये यांत फरक नाही. शिवाय सायकलींच्या जागेला डांबरी रस्ता, वळणाची जागा, मोठे फाटक लागत नाही.

पाण्याखालच्या आणि जमिनीखालच्या सायकली

नेदरलँड्समध्ये रेल्वे प्रवाशांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण घरून स्थानकावर सायकलने येतात. उट्रेख्त स्थानकाखाली २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या तळात साडेबारा हजारांहून जास्त सायकली राहतात आणि पहिले चोवीस तास पैसे लागत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकासमोर २०२३ मध्ये पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ सुरू झाला. ही श्रीमंत देशांची उदाहरणे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण जपानचा अनुभव सोलापूरला जास्त जवळचा आहे. तिथे सत्तरच्या दशकात स्थानकांसमोर सायकलींचा इतका खच पडू लागला की चालायला वाट उरली नाही. १९८० मध्ये कायदा झाला. तळ उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली आणि रेल्वे कंपन्यांना त्यासाठी सहकार्य करणे भाग पडले. तोडगा निघाला तो मोठ्या बांधकामाआधी या वाटणीतून. कुणी काय करायचे, हे आधी ठरले.

सोलापुरात हीच गाठ सुटलेली नाही. आतली जमीन रेल्वेची, बाहेरची महापालिकेची, ठेका तिसऱ्याचा, बंदोबस्त चौथ्याचा. स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६ मधील पहिल्या वीस शहरांत सोलापूर होते. अमृत भारत स्थानक योजनेतही सोलापूरचा समावेश आहे आणि त्या योजनेच्या धोरणात सुनियोजित वाहनतळ, पादचारी मार्ग, चांगली प्रकाशव्यवस्था यांचा उल्लेख आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानेही सायकलींसाठी सुरक्षित जागांची गरज मांडली होती. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही हे शहर आहे. कागदांची कमतरता नाही. ‘वाहनतळ’ या शब्दात सायकल धरायची की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

ऊन, धूर आणि ‘आता कोण चालवतो?’

या मागणीवर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला: आता सायकल चालवतो कोण? २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के कामावर सायकलने जात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्या घरांत सायकल होती. ज्या शहरात गिरण्यांच्या भोंग्यावर सायकलींचे लोंढे रस्त्यावर येत, तिथे सायकल परकी नाही. ती घरात आहे, पण बाहेर पडायला कचरते.

दुसरा आक्षेप उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि भर दुपारी सायकल चालवा असा सल्ला कोणताही डॉक्टर देणार नाही. पण गाडी पकडणारा प्रवासी निघतो पहाटे आणि परततो रात्री. दिवसभर उन्हात तापते ती सायकल. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. ट्यूबमधील हवा २७ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तिचा एकूण दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. जुनी ट्यूब, जुने ठिगळ इथेच दगा देते. ऊन टायरचे रबरही भेगाळते. रात्री साडेदहाला बसलेली ट्यूब घेऊन पाच किलोमीटर चालत जावे लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाही. म्हणून सोलापुरात सायकल स्टँडवर छप्पर ही चैन नव्हे.

तिसरा आक्षेप धुराचा आणि अपघातांचा. तो खरा आहे. सायकलस्वार जोरात श्वास घेतो, म्हणून जास्त धूळ आत जाते. यावर केंब्रिजमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात हिशेब मांडला गेला. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम इतके वाईट असले, तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त ठरतात. चाळीस मिनिटे त्या मर्यादेत बसतात. अपघातांबाबत अमेरिकी अभ्यासक पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवले की रस्त्यावर सायकलस्वार दुप्पट झाले, तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. वाहनचालकांना त्यांची सवय होते. अर्थात संख्या वाढण्याची वाट पाहत रस्ते धोकादायक ठेवणे हा त्याचा अर्थ नव्हे. स्थानक रस्त्यावरचे दिवे आणि खड्डे हा याच मागणीचा भाग आहे. महिलांसाठी तर तो पहिला भाग आहे. रात्री उशिरा गाडीतून उतरून अंधाऱ्या कोपऱ्यातून सायकल काढायची असेल, तर कुलूप कितीही मजबूत असून उपयोग नाही.

काय करता येईल

विभागीय रेल्वे व्यवस्थापक, महापालिका आयुक्त आणि दोन्ही पोलीस यंत्रणा यांनी एकदा एकत्र बसून जबाबदारी वाटून घेणे ही पहिली पायरी. त्यानंतरची कामे साधी आहेत. प्रवेशद्वारापासून मोटारीपेक्षा जवळ, नजरेच्या टप्प्यात आणि दिव्याखाली सायकलींची जागा राखावी. ती स्थानकाच्या दोन्ही बाजूंना असावी. खाचेच्या स्टँडऐवजी चौकट बांधता येईल असे पाइप रोवावेत आणि वर छप्पर घालावे. ठेक्याच्या अटींतच सायकलींची किमान संख्या, बिल्ल्याची पद्धत, पहिल्या आणि शेवटच्या गाडीपर्यंत माणूस, तसेच निष्काळजीपणा झाल्यास भरपाई या बाबी लिहाव्यात. रेल्वेच्या मासिक पासाला सायकलीचा पास जोडून द्यावा आणि तो इतका स्वस्त असावा की चुकवून बाहेर झाडाला सायकल बांधण्याचा मोह होणार नाही. आठवडाभर पुण्याला राहणाऱ्यांसाठी वेगळी, बंद जाळीची जागा ठेवावी. किमान मोहोळ, कुर्डुवाडी, अक्कलकोट रोड या स्थानकांवर याचीच छोटी आवृत्ती उभी राहावी, कारण दोन्ही टोकांना सोय असली तरच प्रवास पूर्ण होतो. पाच हजारांखालच्या चोरीचीही नोंद स्टँडवरच घेऊन ती महिन्याला जाहीर करावी. तपास होवो न होवो, निदान मोजणी सुरू होईल.

प्रवाशांच्या हातीही काही गोष्टी आहेत. चाकाच्या कुलपावर न थांबता चौकट स्थिर वस्तूला बांधणे, कुलूप जमिनीपासून वर ठेवणे, म्हणजे त्याला दगडाचा आधार देऊन फोडता येत नाही, क्रमांकाचा फोटो जपणे. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. सार्वजनिक जागेत राखण करणे हे सार्वजनिक यंत्रणेचेच काम आहे.

मधुमेहाच्या तपासणी शिबिरांवर, जनजागृतीच्या फलकांवर, मॅरेथॉनच्या टी-शर्टवर खर्च होतोच. त्यातला थोडासा पोलादी पाइप, पत्र्याचे छप्पर आणि रात्री साडेदहापर्यंत जागा राहणारा एक राखणदार यांच्यासाठी वळवला, तर स्थानकावर येणारी काही शे माणसे कोणतेही शिबिर न गाठता आठवड्याला दोनशे मिनिटांचा व्यायाम करतील. त्यांना सायकल चालवायला सांगण्याची गरज नाही. ती रात्री जागेवर सापडेल, एवढेच त्यांना खात्रीने कळायला हवे.